पैजेचा परवाना



खेळ आला की पैज आलीच. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाभोवती बसलेली माणसे 'हा मारतो की तो' यावर नारळाची पैज लावतात. हरणाऱ्याने भेळ खायला घालायची आणि सर्वांनी हसत घरी जायचे, एवढाच तो मामला. त्या पैजेने कुणाच्या घरची चूल विझत नाही. आज मी बोलणार आहे ते या नारळाच्या पैजेविषयी नव्हे. खेळावरची पैज हा जेव्हा धंदा होतो, आणि त्या धंद्यावर कायद्याची मोहोर उठते, तेव्हा समाजाचे काय होते, हा माझा आजचा विषय आहे.

हा विषय माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. २०२४ च्या जून महिन्यात कॉलेज नुकतेच उघडले असताना एक शेतकरी गृहस्थ मला भेटायला आले. त्यांचा मुलगा आमच्याकडे बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. घरी अडीच एकर जमीन, कांद्याचे पीक. कांद्याचे पैसे बँकेत होते आणि बँकेचा व्यवहार मुलाच्या फोनवरून चालत असे. त्या उन्हाळ्यातल्या क्रिकेटच्या हंगामात मुलाने एक लाख चाळीस हजार रुपये घालवले होते. खेळ असा की, सामन्यातल्या खेळाडूंमधून आपण अकरा जणांचा संघ फोनवर निवडायचा, पैसे भरायचे, आणि त्या खेळाडूंनी मैदानात जे केले असेल त्यावर आपला नफा-तोटा ठरायचा.

मला वाटले, गृहस्थ रागावून आले असतील. ते रागावले नव्हते. त्यांनी मला शांतपणे विचारले, "सर, पोरगं चोरून मटक्याचा आकडा लावत असतं, तर मी त्याला फोडून काढला असता. पण हे तर टीव्हीवर दाखवत्यात. आपल्या देशाच्या टीमच्या अंगावर त्याचं नाव हाय. सरकार त्याच्यावर टॅक्स घेतंय म्हणत्यात. मग पोराची चूक कोणती, ते तुम्ही मला समजावून सांगा."

मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर त्याच हंगामात आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही चार-पाच जण त्याच खेळात रोज एकोणपन्नास रुपये भरत होतो. एकदा मला सहाशे रुपये मिळाले, आणि ती गोष्ट मी वर्गात मोठ्या कौतुकाने सांगितली. तो मुलगा त्या वर्गात बसला होता.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्याकडे जुगाराला बंदी करणारा मुंबई इलाख्याचा कायदा १८८७ सालचा आहे. निव्वळ कौशल्याचा खेळ मात्र त्या बंदीतून वगळलेला आहे. घोड्यांच्या शर्यतींसाठी १९१२ साली परवान्याचा कायदा झाला, म्हणून महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या मैदानावर घोड्यावर पैसे लावणे हा गुन्हा ठरत नाही. १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने स्वच्छ सांगितले की जुगार हा व्यापार नव्हे. व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मागता येणार नाही.

इतके असूनही जुगार थांबला का? मटक्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावावर मुंबईत आकडा लागत असे. ते बंद पडल्यावर १९६० नंतरच्या काळात मडक्यातून चिठ्ठ्या काढण्यास सुरुवात झाली, आणि कायदा व पोलीस दोन्ही असताना हा प्रकार गिरणगावातून निघून तालुक्या-तालुक्यापर्यंत पोचला. क्रिकेटच्या बाबतीत २००० साली आणि पुन्हा २०१३ साली सामन्यांत पैसे खाऊन खेळल्याची प्रकरणे उघडकीस आली.

म्हणूनच काही विचारी माणसे म्हणतात की, जे थांबत नाही ते उजेडात आणावे. हे म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नाही. न्यायमूर्ती लोढा यांच्या समितीने २०१६ साली क्रिकेटवरची पैज कायदेशीर करावी अशी शिफारस केली. विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७६व्या अहवालात सांगितले की बंदी हीच इष्ट. पण बंदी पाळली जात नसेल तर कडक नियंत्रण हाच मार्ग उरतो. चोरट्या धंद्याला ना हिशेब, ना कर, ना दाद. आणि उधारी वसूल करायला गुंड. परवाना दिला तर पैशाची नोंद राहील, तिजोरीत भर पडेल, लबाड खेळाडू सापडेल, अशी ही बाजू आहे.

आता हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिलेल्या देशाकडे जाऊ. इंग्लंडमध्ये १९६० पूर्वी श्रीमंत माणूस टेलिफोनवरून उधारीवर घोड्यावर पैसे लावू शकत असे आणि ते कायदेशीर होते. कामगाराने रोख पैसे रस्त्यावर बुकीच्या माणसाकडे दिले तर मात्र गुन्हा. गरिबाला एक न्याय आणि श्रीमंताला दुसरा, ही विसंगती काढण्यासाठी १९६० साली कायदा झाला आणि १ मे १९६१ पासून पैजेची दुकाने उघडली. पण तो कायदा करणारे सावध होते. दुकानाची जाहिरात करायची नाही, बाहेरून आतले काही दिसता कामा नये, आत चहापाणी नाही, करमणूक नाही. ज्याला यायचे आहे त्याने यावे, पैसे लावावेत आणि जावे. येणार नाही त्याला बोलावू नये, असे त्या कायद्याचे तत्त्व होते.

मग हळूहळू कुलपे निघत गेली. १९८६ साली दुकानात दूरचित्रवाणी संच आणि चहापाणी आले. २००५ साली नवा कायदा झाला. तो २००७ पासून अंमलात येताच दूरचित्रवाणीवर पैजेच्या जाहिराती सुरू झाल्या. दुकान माणसाच्या फोनमध्ये जाऊन बसले. फुटबॉलच्या मोठ्या क्लबांच्या छातीवर पैजेच्या कंपन्यांची नावे झळकू लागली आणि लहान मुले तेच सदरे घालून शाळेच्या मैदानात खेळू लागली. पुढे सरकारला कुलपे परत लावावी लागली. २०२० साली उधारीच्या, म्हणजे क्रेडिट कार्डावर पैज लावण्यास बंदी झाली. २०२३ साली सर्वोच्च श्रेणीच्या क्लबांनी ठरवले की २०२५-२६ चा हंगाम संपताच सदऱ्याच्या छातीवरची ही नावे काढून टाकायची.

यातून काय दिसते? परवानगी वेगळी आणि आमंत्रण वेगळे. १९६१ साली इंग्लंडने परवानगी दिली. २००७ नंतर आमंत्रण सुरू झाले. आणि परवानगीचे आमंत्रण होते ते आपसूक होत नाही. पैजेतून क्लबला पैसा मिळतो, वाहिनीला जाहिरात मिळते, सरकारला कर मिळतो. जितके लोक हरतील तितके या सर्वांचे उत्पन्न वाढते. मग 'पुरे' असे म्हणणार कोण?

अमेरिकेत हाच प्रवास फार थोड्या वर्षांत झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये जुना प्रतिबंधक कायदा रद्द ठरवला, आणि त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी खेळावरची पैज कायदेशीर केली. ज्या राज्यांत फोनवरून पैज लावता येऊ लागली, तेथे दिवाळखोरीची प्रकरणे वाढली आणि घरच्या बचतीला गळती लागली, असे तेथील अर्थशास्त्रज्ञांना २०२४ सालच्या पाहण्यांत आढळले. लबाडी तरी थांबली काय? २०२४ साली बास्केटबॉलपटू जॉन्टे पोर्टर याला आतली माहिती फोडल्याबद्दल आणि पैजेसाठी सामना अर्धवट सोडल्याबद्दल जन्मभर बाहेर काढण्यात आले. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, संशयास्पद पैजांची खबर परवानाधारक कंपन्यांनीच दिली होती. म्हणजे परवान्याने चोर पकडायला मदत झाली. चोरी व्हायची ती झालीच.

शिक्षक बंधु-भगिनींनो, आता थोडे गणित. हे आपण वर्गात फळ्यावर अवश्य करावे.

दोन तुल्यबळ संघांचा सामना आहे. शंभर रुपये लावले आणि जिंकलो, तर मूळ रकमेसह एकशे नव्वद परत मिळतात. रामाने एका संघावर शंभर लावले, गोविंदाने दुसऱ्यावर शंभर. धंदेवाल्याकडे दोनशे जमले. कोणीही जिंको, त्याला द्यायचे आहेत एकशे नव्वद. दहा रुपये त्याच्या गल्ल्यात राहिले. म्हणजे लावलेल्या पैशातला शेकडा पाच भाग प्रत्येक फेरीत निघून जातो. एवढेच ना, असे कुणी म्हणेल. पण खेळणारा एका फेरीवर थांबत नाही. जिंकलेले पैसे तो पुन्हा लावतो. हजार रुपयांना शेकडा पाचची कात्री एकदा लावा, साडेनऊशे राहतात. अशी वीस वेळा लावा. सरासरीने तीनशे अठ्ठावन्न रुपये उरतात. फोनवर चेंडूगणिक पैज लागते, तेथे वीस फेऱ्यांना एक संध्याकाळ पुरते.

माझे सहाशे रुपये याच गणितात बसतात. त्या हंगामात मी एकूण किती भरले, ते मी वर्गात सांगितले नव्हते. नंतर हिशेब केला, तेव्हा दोन हजारांच्या वर आकडा गेला. जिंकलेला माणूस पारावर बोलतो आणि हरलेला माणूस घरात गप्प बसतो. त्यामुळे गावाला वाटते की सगळे जिंकतच आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गोव्यात कॅसिनोंना परवाना आहे, पण फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांनाच तेथे खेळण्यास मनाई केली गेली. विधी आयोगानेही सुचवले होते की, परवाना दिला तरी सरकारी सवलतीवर जगणाऱ्या गरिबांना या खेळापासून दूर ठेवावे. ज्या घरी हा पदार्थ शिजतो, त्या घरची माणसे आपल्या मुलांच्या ताटात तो वाढत नाहीत. यातच त्याची पारख झाली.

आपल्या देशात काय घडले, तेही सांगतो. संघ निवडण्याच्या खेळाला न्यायालयांनी कौशल्याचा खेळ मानले होते. ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा अठ्ठावीस कर बसला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांना बंदी केली. खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही, कारण त्याला कायद्याने बळी मानले आहे. देशाच्या संघाच्या छातीवरचे ते नाव उतरले.

मला हा कायदा योग्य वाटतो. पण मटक्याची गोष्ट आपण विसरता कामा नये. नुसत्या बंदीने काम भागत नाही. परदेशातून चालणारे ॲप आणि गावातला बुकी कायद्याला विचारून येत नाहीत.

कायद्याने एक गोष्ट मात्र परत दिली आहे, ती म्हणजे बापाला 'नको' म्हणण्याचा आधार. परवाना असताना तोच आधार तुटला होता. महाभारतातले द्यूत चोरून झाले नव्हते. ते राजसभेत झाले, राजाच्या अनुमतीने झाले, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाले. विदुराने विरोध केला. इतर थोर मंडळी बसून राहिली. सभा अधिकृत होती म्हणून अनर्थ टळला नाही. उलट अधिकृत होती म्हणूनच उठून थांबवायला कोणी धजले नाही.

तेव्हा पालकांनो, पिकाच्या पैशाचे खाते मुलाच्या फोनवर असेल तर आठवड्यातून एकदा त्याच्याशेजारी बसून ते पाहा. हरलेल्या मुलाला आधी बोलू द्या. मारलेत तर तो पुढचे कर्ज लपवील. गुरुजींनो, ते वीस फेऱ्यांचे गणित सातवी-आठवीतच करून घ्या. आणि आपण स्वतः खेळत असाल, तर मुले आपल्याकडे पाहत आहेत एवढे लक्षात ठेवा.

त्या गृहस्थांकडे मी सहा महिन्यांनी गेलो. मुलाने कॉलेज सोडले होते. तो बाजार समितीत हमालीला जात होता आणि बाहेरून परीक्षेला बसणार होता. ओसरीवर चहा झाला. मी म्हणालो, "तुमच्या पोराची चूक आहेच. पण तो एकटा चुकला नाही. चूक काय आहे हे ज्यांनी त्याला सांगायचं, ते आम्ही त्याच्यासोबत खेळत बसलो होतो."

ते काही बोलले नाहीत. मुलाने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या दिवसापासून आमच्या स्टाफरूममधले एकोणपन्नास रुपये बंद झाले.