मधली भिंत काढण्यापूर्वी
(सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशा आटोपशीर जागेत संसार वाढू लागला, की घरातील सर्वांची नजर एकाच ठिकाणी खिळते. ते ठिकाण म्हणजे मधली भिंत. ही एवढी काढली तर घर कसे ऐसपैस होईल, असे कोणीतरी म्हणते आणि दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावणे जाते.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. तीन मजली इमारत, पहिल्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त शिक्षक. पत्नीला अर्धांगवायूचा झटका आलेला. तिची चाकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या अरुंद दारातून वळत नाही. सारा जन्म ज्या ओट्यापाशी गेला, तेथवर आता तिला पोहोचता येत नाही. गवंडी येतो, भिंतीवर बोटांनी ठोकून पाहतो आणि सांगतो, "काका, दोन दिवसांचं काम आहे. उक्तं द्या, राडारोड्यासकट मोकळं करून देतो." हा गवंडी लबाड नव्हे. विटेवर वीट रचण्यात त्याचा हात बसलेला असतो. परंतु त्या विटांच्या डोक्यावर काय आहे, याचे गणित मांडणे हे त्याचे काम नव्हे आणि ते त्याच्यावर सोपविणे हा त्याच्यावरही अन्याय होय.

घरातील भिंती दोन प्रकारच्या असतात. पहिली पडदी, म्हणजे केवळ खोल्या वेगळ्या करणारी, बहुधा साडेचार इंच विटेची. दुसरी भारवाहक भिंत, जिच्यावर छताचा स्लॅब आणि वरच्या मजल्याची भिंत टेकलेली असते. ही बहुधा नऊ इंच विटेची असते. दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजली, तर गिलाव्यासह पहिली साडेपाच-सहा इंच आणि दुसरी दहा इंचांच्या आसपास भरते. मात्र एवढ्यावरून निर्णय करू नये. वरच्या मजल्यावर नेमकी त्याच रेषेत भिंत आहे काय, स्लॅब कोणत्या दिशेने टेकला आहे, छतालगतचा गिलावा थोडा सोलला असता आत तुळई दिसते काय, हे सारे पाहावे लागते. जुन्या वाड्यांत तर भिंतीच्या पोटात लाकडी खांब दडलेला आढळतो. ठोकून येणाऱ्या आवाजावरून यांपैकी काहीही कळत नाही. हे पाहण्याचा अधिकार संरचना अभियंत्याचा आहे. त्याचे शुल्क हा अनाठायी खर्च वाटतो खरा, पण नव्या फरशीवर त्याहून कितीतरी अधिक पैसे कोणीही आनंदाने घालवतो!

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 मध्ये गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ व मोऱ्यांची दुरुस्ती अशा किरकोळ कामांना पूर्वसूचनेतून वगळले आहे. परंतु भारवाहक भिंतीचा वा संरचनेचा कोणताही भाग काढणे या सवलतीत बसत नाही. अन्य शहरांतही स्थानिक प्राधिकरणाकडे आधी विचारणा करावी. संस्थेची लेखी संमती तर हवीच, कारण सदनिकेचा मालक एक असला तरी भिंतीने तोलून धरलेले छत अनेकांचे असते.

ही भीती काल्पनिक नाही. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपर येथील चार मजली इमारत कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा त्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता.

आता प्रत्यक्ष पाडकामाविषयी. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाड भिंतीचे वजन सुमारे चार टन भरते. राहत्या घराचा स्लॅब सामान्यतः दर चौरस मीटरला 200 किलोग्रॅम वापरभार गृहीत धरून आखलेला असतो. म्हणजे दहा फूट लांब-रुंद खोलीला साधारण 1,850 किलोग्रॅम. पाडलेल्या विटांचा ढीग संध्याकाळपर्यंत खोलीतच पडून राहिला, तर खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर दुपटीहून अधिक ओझे येते. म्हणून राडारोडा पोत्यांत भरून तासातासाला खाली गेला पाहिजे. भिंत वरून एकेक थर उतरवीत आणावी. वेळ वाचविण्यासाठी ती खालून पोखरून एकदम ढकलण्याची रीत काही ठिकाणी दिसते, ती जीवघेणी आहे. आधी विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि भिंतीतील नळ व तारा शोधून घ्याव्यात. मजुरांना डोक्यावर टोप आणि डोळ्यांवर चष्मा देणे, हे काम देणाऱ्याने पाहावे.

काम उक्ते द्यावयाचे झाल्यास करारनाम्यात टेकू, तुळई, गिलावा, वाहतूक आणि भिंतीच्या जागी उघडी पडणारी नऊ इंचांची पट्टी, या सर्वांचा उल्लेख असावा. जुन्या फरशीशी जुळणारी फरशी बाजारात मिळत नाही आणि भांडण तेथूनच सुरू होते. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत.

आता पुन्हा त्या शिक्षकांच्या घराकडे वळू. अभियंत्याने पाहणी केली. भिंत नऊ इंची होती, वर दुसऱ्या मजल्याची भिंत होती आणि मध्ये तुळई नव्हती. पूर्ण भिंत काढणे अशक्य ठरले. पण खुर्चीला पूर्ण भिंत कोठे हवी होती? दोन्ही टोकांना भिंतीचा पुरेसा भाग राखून मध्ये चार फुटांचे मोकळे दार आणि त्यावर काँक्रीटच्या बैठकीवर टेकलेल्या दोन लोखंडी तुळया, असा आराखडा ठरला. रीतसर परवानगी मिळाली.

अडचण एकच राहिली. तुळया बसेपर्यंत छताला दोन्ही बाजूंनी टेकू द्यावयाचे. ते टेकू पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर उभे राहणार, आणि तो स्लॅब एवढे ओझे एकटा पेलणार नाही. म्हणून खालच्या घरातही, त्याच रेषेत, जमिनीपर्यंत टेकू हवेत. तळमजल्यावरच्या बाईंना आपली बैठकीची खोली कित्येक दिवस रिकामी करून द्यावी लागणार होती, तीही मुलीच्या परीक्षेच्या तोंडावर. शिक्षक संकोचाने खाली गेले आणि नकाशा उलगडून बसले. बाईंनी तो नीट पाहिला, एवढ्या खांबांची खरोखर गरज आहे काय, असे अभियंत्याला दोनदा विचारले, आणि अखेरीस कपाट आतल्या खोलीत हलविले. मुलगी अभ्यासाला वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात जाऊ लागली.

तुळयांवरील भर घट्ट झाल्यावर अभियंत्याच्या देखत टेकू एकेक करून सैल केले गेले. छताला कोठेही तडा गेला नाही. त्याच गवंड्याने कडांचा गिलावा मोठ्या सफाईने केला, आणि तो ओला असतानाच, कोणालाही न विचारता, शिक्षकांच्या पत्नीने आपली खुर्ची ओट्यापर्यंत नेली.