चापडा आणि रानातली मजुरी



आपला अहिल्यानगर जिल्हा म्हटला की ऊस आणि दुष्काळ डोळ्यांपुढे येतात. पण अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीचा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली तिथेच झाले.

सह्याद्रीच्या रानात चापडा नावाचा विषारी साप राहतो. रंगाने हिरवा, डोके तिकोनी. दिवसा तो बांबूच्या बेटात शेपटीने फांदी धरून निश्चल पडून असतो. डोळा आणि नाकपुडी यांमधल्या खळग्याने त्याला भक्ष्याची ऊब कळते, म्हणून अंधारातही त्याची शिकार चालते. माणसाच्या मागे तो लागत नाही. फांदीवर पडलेल्या हाताला मात्र चावतो.

हा हात कोणाचा? बांबू तोडणाऱ्याचा, बाळहिरडा काढणाऱ्याचा. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनते. चापड्यावर त्याचा भरवसा नाही. या दंशाने माणूस क्वचितच दगावतो, पण हात सुजतो, ठणकतो आणि रोज बुडतो. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा आराखडा काढला. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण बुडालेला रोज कोणत्या वहीत लिहायचा?

आमचे म्हणणे असे : ज्याच्या गोदामात हा माल जातो, त्याने जाड हातमोजे द्यावेत आणि दुखणे बरे होईपर्यंतचा रोजही द्यावा. मजुरानेही जखम कापू नये, हात आवळून बांधू नये, साप मारण्यात वेळ घालवू नये. तडक सरकारी दवाखाना गाठावा.