चैत्रातला पाणवठा

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत जाऊन नांदूर मध्यमेश्वरचा उथळ जलाशय आजच्या स्वरूपात आला असून, रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हा दर्जा मिळवणारे ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण होय. फाल्गुन-चैत्रात येथे हिवाळी पाहुण्यांपैकी चक्रवाक लडाख-तिबेटच्या पठारांकडे परतू लागतात, तर कायम वस्तीच्या पक्ष्यांपैकी वंचक, ज्याला ढोकरी असेही म्हणतात, त्याची मातकट पाठ विणीच्या हंगामासाठी हळूहळू किरमिजी होत जाते. परतीच्या तयारीतील थापट्या बदक तर मुद्दाम निरखण्याजोगा आहे. त्याच्या रुंद, चपट्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात आणि चोच पाण्यात बुडवून पोहताना तो त्यांतून पाणी गाळून सूक्ष्म जीव व बिया टिपतो.

पक्ष्यांनंतर याच पाणवठ्यावरून आकाशाकडे पाहावे: चैत्रात रात्री आठ-नऊच्या सुमारास मृग नक्षत्र आणि तेजस्वी व्याध पश्चिमेकडे कललेले असतात व ईशान्येस सप्तर्षी वर आलेले असतात; त्यांच्या शेपटाची वक्र रेषा पुढे वाढवली की नारिंगी स्वाती आणि त्यापुढे शुभ्र चित्रा सापडते, जिच्या आसपास चैत्री पौर्णिमेचा चंद्र असतो. पश्चिम क्षितिजाकडे झुकलेला कृत्तिकांचा पुंजका पाहण्यासही पक्षिनिरीक्षणाची दुर्बीण पुरते. विजेरीचा झोत मात्र पाण्याकडे वळवू नये, कारण मुक्कामाला उतरलेले थवे त्याने बिथरून उठतात.