प्रवासातला शेला
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



‘प्रवासातील टापटीप’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली. हा विषय फार मोठा. तो सगळा वीस मिनिटांत बसवायचा म्हणजे लहानशा ट्रंकेत लग्नाचा बस्ता कोंबण्यासारखे होईल. म्हणून मी त्यातली एकच वस्तू उचलते. ती म्हणजे गळ्याभोवती घ्यायचा हलका शेला. कोणी त्याला स्कार्फ म्हणते, मोठा असला तर स्टोल म्हणते. नाव कोणतेही द्या, काम एकच.

ही साहेबी चूष आहे, असे कोणी समजू नये. आपल्या घरच्या पुरुषांच्या खांद्यावर उपरणे होते आणि आपल्याजवळ पदर होता. पदराने आपण ऊन अडवले, हात पुसले, मूल निजवले, पैशांची गाठसुद्धा त्यालाच मारली. आता प्रवासात पुष्कळजणी सलवार-कमीज किंवा पँट घालतात. सोय झाली खरी, पण पदर गेला. त्याची जागा हा शेला भरून काढतो आणि साध्या पोशाखाला शोभाही आणतो.

तो निवडताना आधी कापड पाहावे, मग रंग. उन्हाळ्याच्या प्रवासाला सुती मलमलीसारखे दुसरे काही नाही. घाम टिपते, रात्री धुऊन टाकले की सकाळपर्यंत वाळते. लग्नकार्याला किंवा कोणाच्या भेटीला जायचे असेल तर महेश्वरी घ्यावा. अहिल्याबाई होळकरांच्या राजधानीतले हे विणकाम. ताणा रेशमी आणि बाणा सुती असल्यामुळे वजनाला हलके, दिसायला भारदस्त. थंडीसाठी लोकर हवीच. त्यातली अतिशय नाजूक म्हणजे पश्मिना. लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळ्यांच्या अंगची ही मऊ लव. तिचा तंतू साधारण 12 ते 16 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. ‘काश्मीर पश्मिना’ या नावाला 2008 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मात्र बाजारात दोन-तीनशे रुपयांना पश्मिना म्हणून जे मिळते, ते बहुधा व्हिस्कोस किंवा अ‍ॅक्रिलिक असते. ते वापरू नये असे नाही. फक्त त्याचे मोल पश्मिन्याचे देऊ नये. दुकानदार शाल अंगठीतून ओढून दाखवतो, त्याला भुलू नका. पातळ व्हिस्कोसही अंगठीतून सुळकन जाते. घरी आणल्यावर झालरीचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो. लोकर व रेशीम यांना जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

आणखी एक सांगते. काश्मीर किंवा दिल्लीत कोणी हळूच ‘शाहतूश’ दाखवले तर हात जोडून पुढे चालू लागावे. ती लोकर तिबेटी हरणाची, आणि ती मिळवण्यासाठी त्या मुक्या प्राण्याला ठार मारतात. एका शालीसाठी तीन ते पाच हरणे जातात. 1979 पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे. विमानतळांवर अशा शाली जप्त झाल्या आहेत. मऊपणापायी एवढे पाप पदरात कशाला घ्यावे?

मापाचे म्हणाल तर दोन मीटर लांब आणि सुमारे सत्तर सेंटिमीटर रुंद शेला प्रवासाला पुरेसा होतो. रंग असा घ्यावा की बरोबर नेलेल्या निदान तीन पोशाखांवर खुलेल. बारीक नक्षी असली म्हणजे चहाचा थेंब लपतो. गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा चोळून पाहावा. रंग लागला तर पहिले दोन-तीन धुणे वेगळे करावे.

गाडीत हा शेला उशीवर अंथरता येतो. विमानात हवा फार कोरडी आणि गार असते, तेथे तो गळा आणि कान सांभाळतो. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात डोके झाकावेच लागते, तेथे तो आयता हाताशी असतो. घेण्याच्या तऱ्हाही सोप्या आहेत. एक वेढा देऊन एक टोक लांब, एक आखूड सोडावे. किंवा शेला दुहेरी करून मानेभोवती घ्यावा आणि दोन्ही टोके पुढच्या फासातून ओवावीत. ही दुसरी तऱ्हा सुबक दिसते खरी, पण ती घरात आणि गाडीच्या डब्यात. दुचाकीवर कधीही नाही.

येथे मी जरा थांबणार आहे, कारण आजच्या भाषणातले महत्त्वाचे हेच. विख्यात नर्तकी इझाडोरा डंकन 1927 साली फ्रान्समधील नीस शहरी उघड्या मोटारीतून निघाली. गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात गुंतला आणि क्षणात तिचा अंत झाला. ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. स्कूटरवर मागे बसलेल्या बायकांच्या ओढण्या चाकात अडकून आजही अपघात होतात. म्हणून तर 1989 च्या मोटार वाहन नियमांत मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण सक्तीचे केले आहे. ते आपल्या गाडीवर आहे ना, हे घरी गेल्यावर पाहावे. कोणी काढून ठेवले असेल तर पुन्हा बसवून घ्यावे.

गाडीवर बसण्याआधी शेल्याची दोन्ही टोके कपड्याच्या आत खोचावीत. आपल्या मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधतात, त्यांनी मागची गाठ लहान ठेवावी. जाड गाठीवर हेल्मेट नीट बसत नाही, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट लागला पाहिजे. सरकत्या जिन्यावर आणि जत्रेतल्या पाळण्यातही टोके लोंबू देऊ नयेत. लहान मुलांच्या गळ्यात तर लांब शेला घालूच नये.

भगिनींनो, आपल्या मंडळाची सहल निघेल तेव्हा प्रत्येकीच्या खांद्यावर एकेक सुरेख शेला दिसावा, अशी माझी इच्छा आहे. तो महाग नसला तरी चालेल. कशाचा आहे ते आपल्याला ठाऊक असावे, आणि त्याची दोन्ही टोके कोठे आहेत तेही ठाऊक असावे.