प्राणवायूची कमतरता : अपाय आणि उपचार

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाबाबत वैद्यकशास्त्राचा पहिला दंडक असा की, त्याच्या रक्तातील प्राणवायू खालावू द्यायचा नाही. अमेरिकेतील ७१७ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या १९९३ च्या अभ्यासाने रक्तदाब उतरणे आणि प्राणवायू कमी पडणे या दोन्हींचा संबंध वाढत्या मृत्यूंशी व अपंगत्वाशी असल्याचे दाखवले. अपघातस्थळापासूनच रुग्णाला ऑक्सिजन देण्याची धडपड केली जाते, ती यामुळेच. अशाच रुग्णाला काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मुद्दाम कमी प्राणवायूची हवा द्यावी, ही कल्पना म्हणूनच प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तरीही ती आज गांभीर्याने तपासली जात आहे.

या प्रश्नाची निकड भारताला वेगळी सांगायला नको. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. मेंदूच्या दुखापतीतून जे वाचतात, त्यांच्यापैकी अनेकांना हातापायांतील दुर्बलता, ढळलेला तोल, विस्मरण आणि स्वभावातील बदल यांसह पुढचे आयुष्य काढावे लागते. गेलेली क्षमता खात्रीने परत आणणारे औषध अद्याप नाही. व्यायामोपचार, वाचोपचार आणि कुटुंबाची चिकाटी यांवरच भिस्त असते.

नव्या उपचाराची पद्धत साधी आहे. समुद्रसपाटीच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. मुखवट्यातून ९ ते १० टक्के प्राणवायूची हवा मिनिट-दीड मिनिट दिली जाते, मग तितकाच किंवा थोडा कमी वेळ साधी हवा, आणि हे आवर्तन सुमारे १५ वेळा. ९ टक्क्यांची हवा म्हणजे साधारण ६,००० मीटर उंचीवरचा श्वास. मात्र तेथे मुक्काम नाही, क्षणभर डोकावून परत येणे आहे.

याचे मूळ श्वसनाच्या संशोधनात आहे. प्राण्यांना असे थोडे झटके दिल्यावर, हवा पूर्ववत झाल्यानंतरही श्वासपटलाकडे जाणाऱ्या चेतातंतूचे कार्य दीर्घकाळ वाढलेले राहते, असे आढळले. मानेतील रोहिणीलगतच्या सूक्ष्म संवेदकांना तुटवडा जाणवतो, मेंदूच्या देठातून निघणारे चेतातंतू मज्जारज्जूत सेरोटोनिन सोडतात, त्यामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींत ‘बीडीएनएफ’ हे पोषक प्रथिन तयार होते आणि दुबळे झालेले जोड बळकट होतात. येथे परीक्षार्थींची एक गल्लत होते. पेशी प्राणवायूची जाणीव कशी ठेवतात, या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले. ती जनुकांच्या नियंत्रणाची यंत्रणा आहे. या उपचाराचा झटपट परिणाम मुख्यत्वे सेरोटोनिनच्या मार्गाने होतो, असे मानले जाते.

माणसांवरील भक्कम पुरावा आहे तो मज्जारज्जूच्या जुन्या, अपूर्ण दुखापतींचा. २०१२ मध्ये १३ रुग्णांच्या घोट्याची ताकद एका सत्रानंतर वाढलेली दिसली. २०१४ मध्ये १९ रुग्णांना सलग ५ दिवस हा उपचार दिला असता चालण्याची गती व दम सुधारला, आणि चालण्याच्या सरावाची जोड दिल्यावर दमात अधिक भर पडली. रुग्णसंख्या लहान होती, हे विसरता कामा नये.

सारे काही मात्रेवर अवलंबून आहे. २०१४ मधील एका आढाव्यानुसार ९ ते १६ टक्के प्राणवायू आणि दिवसाला ३ ते १५ आवर्तने या मर्यादेत लाभ दिसतो. २ ते ८ टक्के आणि ४८ ते २,४०० आवर्तने झाली की अपाय. झोपेत रात्रभर श्वास अडखळण्याच्या विकारात रक्तदाब वाढतो आणि स्मृती मंदावते, हे या दुसऱ्या टोकाचेच उदाहरण.

मग मज्जारज्जूचा अनुभव थेट मेंदूला का लावता येत नाही? प्राणवायू घटला की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात. जखमी मेंदूत रक्तप्रवाहाचे नियमन आधीच बिघडलेले असू शकते. झटके येण्याची शक्यताही असते. शिवाय जखमी मेंदूतील दाह दीर्घकाळ धुमसत राहू शकतो, आणि उंदरांवरील प्रयोगांत दाहामुळे याच उपचाराचा परिणाम नाहीसा झालेला दिसला आहे. म्हणून येथे लाभाआधी सुरक्षितता तपासावी लागते : सौम्य मात्रेपासून सुरुवात, रक्तातील प्राणवायू व रक्तदाबावर अखंड लक्ष, ठरलेल्या पातळीखाली गेल्यास तत्काळ थांबवणे. तुलनेसाठी काही सत्रांत त्याच मुखवट्यातून साधीच हवा द्यावी लागते आणि कोणती हवा कोणती, हे रुग्णाला कळू द्यायचे नसते. अन्यथा आशेचा परिणाम औषधाच्या खात्यावर जमा होतो.

सर्वांत नाजूक बाब संमतीची. ज्याचे आकलनच दुखापतीने बाधित झाले आहे, त्याची सही पुरेशी कशी मानावी? अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीची संमती आणि नैतिकता समितीची मान्यता लागते; रुग्णाचा नकार मात्र, तो अडखळत दिलेला असला तरी, ऐकावाच लागतो. भारतात चिकित्सा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नोंदणी बंधनकारक केली. चाचणी फसली तरी तिची नोंद सार्वजनिक राहते, हा तिचा मोठा उपयोग. पुढच्या रुग्णाच्या कुटुंबाला कोणी मुखवटा विकू लागला, तर ती नोंद उघडून पाहता येते.