एकच रस्ता, अठ्ठ्याऐंशी हजार माणसे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासनाच्या वतीने जे चार शब्द बोलावयाचे असतात, ते बहुधा आकड्यांचे असतात. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्णांना सवलत देता आली, हा सर्व तपशील अहवालाच्या पुढील पानांवर दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती टाळून, आज आम्ही आपले लक्ष एका दूरदेशीच्या घटनेकडे वेधू इच्छितो. घटना परदेशातील असली, तरी तिच्यातून निघणारा प्रश्न आपल्या रुग्णालयाच्या जिन्यापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून हे धाडस.

वणवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फाल्गुन-चैत्रातील सह्याद्री उभा राहतो. वाळलेले गवत रात्री पेटते, डोंगरावर आगीची माळ दिसते आणि सकाळी काळा पडलेला उतार उरतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेस असलेल्या फोर्ट मॅकमरे या शहराने २०१६ मध्ये जो वणवा पाहिला, तो या चित्रात मावणारा नव्हता. तेलयुक्त वाळूच्या खाणींवर जगणारे, चहूबाजूंनी घनदाट अरण्याने वेढलेले हे शहर. दक्षिणेकडे बाहेर पडण्यास महामार्ग क्रमांक ६३ हाच काय तो मुख्य रस्ता. १ मे २०१६ रोजी शहराच्या नैर्ऋत्येस आग दिसली. ती मानवी कृतीतून लागली असण्याची शक्यता अधिक, असे पोलिसांनी पुढे सांगितले. ३ मे रोजी सकाळी आकाश निरभ्र होते, मुले शाळेत गेली होती, माणसे कामावर होती. दुपारी पारा ३२ अंशांवर गेला, हवा अतिशय कोरडी झाली, वारा फिरला आणि आग नदी ओलांडून वस्तीत शिरली. संध्याकाळपर्यंत संपूर्ण शहर रिकामे करण्याचा आदेश निघाला. सुमारे ८८,००० माणसे घराबाहेर पडली.

आगीचा विस्तार वाढत जाऊन अखेर सुमारे ५,९०,००० हेक्टर क्षेत्र तिच्या कवेत आले. शहरातील व परिसरातील सुमारे २,४०० घरे व इमारती नष्ट झाल्या. बीकन हिल, अबासँड, वॉटरवेज या वसाहतींची हानी सर्वाधिक झाली. तरीही शहराचा बहुतांश भाग अग्निशामक दलाने वाचवला आणि प्रत्यक्ष ज्वालांनी एकाही माणसाचा बळी घेतला नाही. स्थलांतराच्या धावपळीत रस्त्यावरील अपघातात मात्र दोन तरुण जीव गेले. एका रस्त्यावरून अठ्ठ्याऐंशी हजार माणसे बाहेर पडतात आणि आगीत एकही दगावत नाही, यात दैवाचा वाटा असेलच. परंतु आम्ही मूळची हिशेबाची माणसे. एवढी मोठी रक्कम केवळ दैवाच्या खात्यावर मांडणे आम्हांस पटत नाही.

आमचे लक्ष अर्थातच प्रथम तेथील रुग्णालयाकडे गेले. त्या दिवशी तेथे १०५ रुग्ण होते. त्यांत तातडीच्या उपचारांसाठी दाखल झालेले होते, तसेच दीर्घकाळ शुश्रूषेत असलेले वृद्धही होते. हे सर्व रुग्ण सुमारे दोन तासांत बाहेर काढण्यात आले. दक्षिणेकडचा रस्ता धोक्याचा म्हणून त्यांना बसगाड्यांतून उत्तरेस एका तेल कंपनीच्या तळावर नेले गेले आणि तेथून विमानाने एडमंटनला हलवण्यात आले. एकही रुग्ण मागे राहिला नाही. हे काम ज्या परिचारिकांनी, डॉक्टरांनी व सेवकांनी केले, त्यांतील अनेकांची स्वतःची घरे त्याच वेळी धोक्यात होती. ज्यांनी कधी रात्रपाळीत एका रुग्णाला एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवले आहे, त्यांना १०५ या आकड्याचे वजन सांगावे लागणार नाही. प्राणवायूची नळी, सलाईन, नोंदींचे कागद, चष्मा, औषधांची पिशवी आणि घाबरलेला जीव, हे सर्व एकत्र हलवावे लागते.

शहराबाहेर जे घडले तेही विचार करण्याजोगे आहे. महामार्गावरील पेट्रोल पंप कोरडे पडले, गाड्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. तेव्हा आसपासच्या गावांतील माणसे स्वतः होऊन पेट्रोलचे डबे, पाणी व खाण्याचे पदार्थ घेऊन आली आणि अनोळखी माणसांना देऊ लागली. जवळच्या अँझॅक या वस्तीत उघडलेले निवारा केंद्र दुसऱ्याच दिवशी आगीच्या भीतीने रिकामे करावे लागले. आधार घेतलेल्यांना पुन्हा निघावे लागले, तेव्हा लॅक ला बिश या दक्षिणेकडील लहान गावाने त्यांना सामावून घेतले. उत्तरेकडे पळालेल्या सुमारे २५,००० लोकांना खाणींच्या कामगार वसाहतींनी थारा दिला. फोर्ट मॅके येथील मूळनिवासी समाजानेही हजारोंना आपल्या वस्तीत घेतले. पुढे या उत्तरेकडील लोकांना धुमसत्या शहरातूनच दक्षिणेस न्यावे लागले. पन्नास-पन्नास गाड्यांचे ताफे करून, पुढे-मागे पोलीस व वर हेलिकॉप्टर अशा बंदोबस्तात ते गेले.

कॅलगरी शहरात त्याच सुमारास सिरियातून आलेली निर्वासित कुटुंबे नव्याने संसार मांडत होती. त्यांच्याजवळ स्वतःचे असे फारसे काही नव्हते. त्यांनी आपापसांत निरोप पाठवून साबण, कपडे, जे जमेल ते गोळा केले. घर सोडून पळणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. आपल्या संतांनी दयेला धर्माचे मूळ मानले, ते उगीच नाही. ज्याच्या पायात काटा रुतला आहे, तो दुसऱ्याच्या पायाकडे आपोआप पाहतो.

या सभागृहात देणगीदार बहुसंख्येने उपस्थित आहेत, म्हणून पैशाविषयी दोन शब्द. कॅनडाच्या रेडक्रॉसकडे देशभरातून देणग्यांचा ओघ सुरू झाला. व्यक्तिगत देणग्यांइतकीच रक्कम आपणही घालू, असे केंद्र सरकारने जाहीर केले. अखेरीस एकूण निधी ३० कोटी डॉलरच्या वर गेला. रेडक्रॉसने आठवड्याभरातच निर्णय घेतला की, नोंदणी केलेल्या प्रत्येक प्रौढास ६०० डॉलर व प्रत्येक मुलामागे ३०० डॉलर थेट बँक खात्यात द्यावयाचे. त्यासाठी ५ कोटी डॉलर बाजूला काढण्यात आले. वस्तूंऐवजी रोख रक्कम द्यावी, असेच आवाहन मदत संस्था करीत होत्या. कारण एकाला बाळाचे दूध हवे असते, दुसऱ्याला रक्तदाबाची गोळी, तिसऱ्याला भावाच्या गावचे तिकीट. संकटग्रस्ताला काय हवे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार? दान देताना घेणाऱ्यावर विश्वास टाकणे, हाही दानाचाच एक भाग आहे.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १ जूनपासून लोक टप्प्याटप्प्याने परतू लागले. रुग्णालय जळाले नव्हते, परंतु धुराने भरले होते. ते कसून स्वच्छ केल्यावर जूनमध्ये पुन्हा सुरू झाले. काही वसाहतींतील रहिवाशांना मात्र परतण्यासाठी आणखी काही महिने वाट पाहावी लागली. पुढील काळात झालेल्या अभ्यासांत तेथील रहिवाशांमध्ये नैराश्य, चिंता व आघातोत्तर मानसिक त्रास यांचे प्रमाण जास्त आढळले. बातम्या थांबतात, देणग्या थांबतात, तेव्हा माणसाच्या मनातील आग कुठे विझू लागते.

आणि प्रत्येक शहराच्या वाट्याला असा निभाव येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील पॅराडाइज या गावात ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी वणवा शिरला. अवघ्या काही तासांत गाव उद्ध्वस्त झाले, १८,००० हून अधिक इमारती जळाल्या आणि ८५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. रस्ते अरुंद, गाड्यांची रांग हलेना, काहींना गाडी सोडून पायी धावावे लागले. तेथील रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी रुग्णांना रुग्णवाहिकांतून, तर कित्येकांना स्वतःच्या मोटारींतून बाहेर काढले. एक रुग्णवाहिका वाटेत आगीत सापडली, तेव्हा सोबतच्या मंडळींनी रुग्णाला जवळच्या घराच्या गॅरेजमध्ये नेले. घराच्या पन्हाळीत साचलेली पाइनची सुकी पाने हातांनी उपसून काढली, बागेच्या नळीने पाणी मारले आणि ते घर व आतील जीव वाचवले. शौर्य दोन्ही ठिकाणी होते. परंतु रस्ते, वेळ आणि वारा यांनी साथ दिली नाही, तर शौर्यालाही फार मोठी किंमत मोजावी लागते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या रुग्णालयाभोवती पाइनचे अरण्य नाही. परंतु रुग्णालयाला पेटण्यासाठी अरण्य लागत नाही. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील एका खासगी रुग्णालयात आग लागली. तळघरात ज्वलनशील सामान साठवलेले होते. धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि नव्वदहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुतेक धुरात गुदमरली. त्या पहाटे शेजारच्या वस्तीतील तरुण धावून आले आणि त्यांनी रुग्णांना बाहेर काढण्यास हातभार लावला. आपल्याच राज्यात भंडारा येथे ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात शिशू कक्षाला आग लागली. १७ बालकांपैकी ७ वाचली, १० गेली. जे बालक स्वतःहून कूसही बदलू शकत नाही, त्याचा बाहेर पडण्याचा रस्ता म्हणजे कोणाचे तरी दोन हात. त्या हातांना धुरात वाट सापडावी, एवढ्यासाठी सर्व यंत्रणा असते.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ लागू आहे. त्यानुसार दर जानेवारी व जुलै महिन्यात अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. ते आवश्यकच आहे. परंतु प्रमाणपत्र यंत्राचे असते, माणसाचे नसते. रात्री दोन वाजता कक्षात असलेली परिचारिका, आया आणि पलंगाशेजारी चटईवर झोपलेला नातेवाईक, या तिघांना कोणी काय करावयाचे हे ठाऊक आहे का, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे व आपणा सर्वांपुढे नम्रपणे चार गोष्टी ठेवीत आहोत. पहिली, प्रत्येक पाळीच्या आरंभी प्रत्येक कक्षातील रुग्णांची यादी अद्ययावत असावी आणि त्यात चालू शकणारे, आधाराने चालणारे व उचलून न्यावे लागणारे, अशी वर्गवारी असावी. दुसरी, जिन्यावरून रुग्ण उतरवता येईल अशा चादरी व खुर्च्या प्रत्येक मजल्यावर असाव्यात आणि वर्षातून किमान दोनदा तालीम व्हावी, त्यांपैकी एक रात्रपाळीत. तिसरी, शेजारची रुग्णालये, शाळा, मंगल कार्यालये आणि बसगाड्यांचे मालक यांच्याशी आधीच लेखी बोलणी व्हावीत. बसगाडी आग लागल्यावर शोधावयाची नसते. चौथी, या सर्वांसाठी एक स्वतंत्र राखीव निधी असावा आणि तो अन्य कारणासाठी वापरला जाऊ नये.

देणगीदारांची मनोभूमिका आम्ही जाणतो. यंत्रावर, खोलीवर, कक्षावर वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ नाव कोरले जाते आणि त्यात काहीच गैर नाही. त्या नावांच्या बळावरच ही वास्तू उभी आहे. परंतु तालमीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. मोकळ्या ठेवलेल्या जिन्यावर संगमरवरी पाटी शोभत नाही. हा असा खर्च आहे की, तो सार्थकी लागला तर ताळेबंदात काहीच दिसणार नाही. वर्ष संपेल, सर्व रुग्ण सुखरूप घरी गेलेले असतील आणि कोणी विचारील, या निधीचे काय झाले? त्या दिवशी आम्ही आनंदाने उत्तर देऊ की, काहीच झाले नाही.

रुग्णांच्या आप्तेष्टांना एक कळकळीची विनंती. जिन्यात व दारापुढे सामान ठेवू नये. कक्षात शेगडी, स्टोव्ह वा पाणी तापविण्याचे यंत्र वापरू नये. सेवक हटकतील तेव्हा कृपया रागावू नये. आपला रुग्ण ज्या वाटेने बाहेर येईल, ती वाट आपल्याच ताब्यात आहे. आणि आजूबाजूच्या वस्तीतील बंधुभगिनींना सांगणे की, आमच्या तालमीस आपण यावे. संकटात पहिला मदतीस येतो तो शेजारी, हे फोर्ट मॅकमरेच्या रस्त्यावर जसे खरे ठरले, तसेच कोलकात्याच्या त्या पहाटेही खरे ठरले.

विश्वस्त मंडळाने आजवर प्रत्येक सूचनेचा सहानुभूतीने विचार केला आहे. याही सूचनेचा तसाच विचार होईल आणि पुढील वर्षीच्या अहवालात या निधीची पहिली जमा नोंद आपणांस वाचावयास मिळेल, अशी आशा व्यक्त करतो.