हा खर्च कशासाठी?

(आदिवासी भागात सेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे, 'माणूस कला का निर्माण करतो?' मी काही चित्रकार नाही. मला पट्टी घेऊनसुद्धा रेघ सरळ येत नाही. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर फिरणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. आणि तो बहुतेक वेळा पैशाच्या रूपात समोर येतो. आपल्याच एका हितचिंतकांनी मला विचारले होते, "मुलांचे वजन भरत नाही, आणि तुम्ही रंग-कागदावर खर्च कसला करता?" त्यांचा हेतू चांगला होता. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

वारली घरात लग्न ठरले की कुडाची भिंत शेण-मातीने सारवतात, गेरू देतात. तांदूळ भिजवून वाटतात. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की झाला कुंचला. मग सवाशिणी चौक लिहितात. हो, 'लिहितात' असेच म्हणतात, काढतात म्हणत नाहीत. चौकात पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, भोवती ताडाची झाडे, मोर, तारप्यावर फेर धरलेली माणसे. धवलेरी गाणी म्हणते. चौक झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही.

आता तांदळाकडे पाहा. पावसाळ्यात ज्या घरची कणगी तळाला जाते, ज्या घरातली माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्या घरातला हा तांदूळ आहे. तो वाटून भिंतीला लावायचा, आणि पुढच्या लग्नाला त्याच भिंतीवरून पुन्हा शेण फिरवायचे. एका म्हाताऱ्या धवलेरीला मी विचारले होते, हे का करता? तिला माझा प्रश्नच कळेना. चौक लिहिला नाही तर देव येऊन बसतील कुठे, असे तिचे उलट विचारणे होते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात हाच वाद आहे. बेथानीत एक स्त्री सुगंधी तेलाची कुपी फोडते आणि ते प्रभूच्या मस्तकावर ओतते. तेल तीनशे दीनारांहून अधिक किमतीचे. दिवसाची मजुरी एक दीनार, म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई. जमलेले लोक कुरकुरतात की हे विकून गरिबांना देता आले असते. बोलणारे आपल्यासारखेच सेवेची काळजी असणारे लोक होते, असे मला वाटते. प्रभू मात्र त्या स्त्रीची बाजू घेतो. गरिबांना विसरा असे तो म्हणत नाही. पण तिने केले ते चांगले केले, असे म्हणतो.

आणखी मागे जा. निर्गमच्या 31 व्या अध्यायात रानात तंबूंत राहणाऱ्या लोकांसाठी निवासमंडप उभारायचा आहे. देवाच्या आत्म्याने भरलेला असा शास्त्रात पहिला उल्लेख कोणाचा, ठाऊक आहे? संदेष्ट्याचा नाही, राजाचा नाही. तो बसालेल नावाच्या कारागिराचा आहे. थिऑलॉजीचा डिप्लोमा करताना हे मी वाचले होते. त्याचा अर्थ मात्र पाड्यावर कळला.

आता अवघड प्रश्न. विश्वासात आलेल्या कुटुंबाने चौक लिहावा का? काही पाळकांनी भिंती पुसायला लावल्याचे मी ऐकले आहे. मला ते पटत नाही. पालघट ही देवी आहे, आणि जिचा विश्वास ख्रिस्तावर आहे ती तिची पूजा करणार नाही, हे खरे. पण त्यासोबत झाड, मोर, तारपा आणि आजीच्या हाताचे वळणही पुसायचे का? नारायण वामन टिळकांचा 1895 साली बाप्तिस्मा झाला, म्हणून त्यांनी अभंग टाकला नाही. त्याच अभंगातून त्यांनी ख्रिस्त गायला. चौकाच्या मध्यभागी काय असावे हे त्या घरच्या बायकांनी प्रार्थनापूर्वक ठरवावे. आपण बाहेरून ठरवू नये.

चित्र भिंतीवरून कागदावर आले त्याचीही गोष्ट आहे. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. तोवर हे लग्नविधीतले आणि बायकांचे काम. म्हसे रोज चित्र काढू लागले. कुणी म्हणतात, तेव्हाच त्यातला अर्थ गेला. मला तसे वाटत नाही. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणे थांबले आणि ते मातीत रेघा ओढून मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगतात. ज्याला बोलायला शब्द उरले नाहीत त्याने आणखी काय करावे? त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते वारले.

बाजाराविषयी मात्र माझी तक्रार आहे. चादरीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर ही चित्रे छापली जातात आणि पाड्यावर एक पैसाही पोहोचत नाही. वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, पण छापखान्यातल्या माणसाला तो कोण दाखवणार? आपणही यात स्वच्छ राहिले पाहिजे. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर मुलींची चित्रे आपण छापणार असू, तर मोबदला कागदाच्या हिशेबाने नको, दिवसाच्या मजुरीच्या हिशेबाने द्यावा, आणि तोही आधी. पत्राच्या मागे संस्थेच्या नावाआधी, तिची परवानगी असेल तर, तिचे नाव असावे. अंदाजपत्रकात हा खर्च 'किरकोळ' या सदरात टाकू नका, एवढे खजिनदारांना माझे सांगणे आहे. त्याला वेगळी ओळ द्या.